सूत्रधाराची साधने : एका खेळाची संहिता बपेऱ्यात

संहिता आणि प्रयोग यांच्या नात्याचा विचार मराठी समीक्षेने केला तो बहुतांशी नाटकाच्या अनुषंगाने, आणि तोही छापील नाटकाच्या. संहिता आधी, प्रयोग नंतर. संहिता लेखकाची, प्रयोग दिग्दर्शकाचा आणि नटांचा, अशी ही वाटणी आहे. ज्या प्रकारांत कथेचा आराखडा सर्वांना ठाऊक असतो आणि संवाद मात्र पुष्कळदा उभ्याउभ्या रचले जातात, ती दंडार किंवा ती खडी गंमत लोकसाहित्याच्या अभ्यासकांकडे सोपवून समीक्षा मोकळी झाली. या वाटणीला अडचणीत आणणारा एक लेखनप्रकार गेल्या अर्धशतकात पाश्चात्त्य देशांत रूढ झाला आहे. तो म्हणजे चार-सहा माणसांनी एका मेजाभोवती बसून खेळायचा भूमिका-खेळ. त्याचे पुस्तक असते, पण त्या पुस्तकात कथा नसते. असतात ते नियम, सारण्या, एका कल्पित जगाचे वर्णन आणि एका माणसाला उद्देशून केलेल्या सूचना. हा माणूस खेळ चालवतो. इतर प्रत्येकी एकेक पात्र होऊन बोलतात. इंग्रजीत त्याला 'गेममास्टर' म्हणतात. मराठीत 'सूत्रधार' हा शब्द आयता उपलब्ध आहे आणि तो अधिक अचूक आहे, कारण हा माणूस कोणाचा मालक नसतो, त्याच्या हाती फक्त दोरे असतात.

असे एक पुस्तक घेऊन साहित्यशास्त्राचा एक अध्यापक दिवाळीच्या सुटीत नागपूरहून आपल्या गावी, बपेऱ्याला आला. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागलेले हे गाव. पलीकडे बालाघाटचा मुलूख, अलीकडे सिहोऱ्याच्या परिसरातले धानाचे बांध. एका चर्चासत्रासाठी त्याला या पुस्तकाचे मूल्यमापन करायचे होते. 'सायबरपंक रेड' हे त्याचे नाव. ते वाचून निबंध लिहिता आला असता. बहुतेकांनी तसेच केले असते. पण नाटकाचे परीक्षण केवळ पुस्तक वाचून करणाऱ्यांवर त्याने स्वतःच वर्गात पुष्कळ तोंडसुख घेतलेले होते. तेव्हा खेळून पाहणे भाग होते.

या खेळाची वंशावळ थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला आणि भूमिका-खेळाचा घाट ठरून गेला. १९८४मध्ये विल्यम गिब्सन यांची 'न्यूरोमान्सर' ही कादंबरी आली. तंत्रज्ञान अत्युच्च, जगणे मात्र हीन, राज्यसंस्था दुबळी आणि प्रचंड कंपन्या सर्वसत्ताधीश, अशा भविष्याचे चित्रण करणाऱ्या लेखनाला 'सायबरपंक' हे नाव याच दशकात रूढ झाले. माइक पाँडस्मिथ यांनी १९८८मध्ये त्या जगाचा खेळ केला. त्यातले काल्पनिक वर्ष होते २०१३. १९९०च्या आवृत्तीत ते २०२० झाले आणि २०२०मध्ये, म्हणजे कल्पित भविष्य प्रत्यक्ष भूतकाळ होऊ लागला तेव्हा, 'रेड' ही आवृत्ती २०४५ या वर्षात जाऊन बसली. भविष्यकाळ असा हप्त्याहप्त्याने पुढे ढकलणारा दुसरा वाङ्मयप्रकार सहज आठवत नाही.

खेळपुस्तक हे कोणत्या जातीचे लेखन आहे, या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर अमेरिकी सरकारने एकदा देऊन ठेवले आहे. १ मार्च १९९० रोजी 'सीक्रेट सर्व्हिस'च्या अधिकाऱ्यांनी टेक्सासमधील ऑस्टिन येथे स्टीव्ह जॅक्सन गेम्स या प्रकाशनसंस्थेवर छापा घालून दुसऱ्या एका सायबरपंक खेळाचे हस्तलिखित संगणकासह जप्त केले. ते संगणकगुन्ह्याचे मार्गदर्शक असल्याचा समज झाला होता. १९९३मध्ये न्यायालयाने प्रकाशकाच्या बाजूने निकाल दिला. समीक्षकाने मात्र त्या अधिकाऱ्यांना केवळ हसून सोडू नये. नियमपुस्तकाची भाषा कल्पितकथेची नसतेच. ती आज्ञार्थी असते. 'नायकाने दार उघडले' असे ती सांगत नाही. 'दार उघडायचे असेल तर अमुक करा' असे सांगते. अशा भाषेत रचलेल्या कल्पिताला वाचक कसा सामोरा जातो, हा प्रश्न त्या छाप्याने नकळत विचारला होता.

'सायबरपंक रेड'चा ग्रंथ मोठा, साडेचारशे पृष्ठांच्या आसपासचा. त्यातला खेळण्याचा नियम मात्र साधा आहे: पात्राचा अंगभूत गुण, त्यात कौशल्याचा आकडा, त्यात दहा बाजूंच्या फाशाचे दान; बेरीज काठिण्याच्या आकड्याहून अधिक भरली की काम झाले. सोप्या कामाला ९, रोजच्याला १३, आणि आख्यायिका व्हावी अशा कामाला २९. दहा बाजूंचा फासा काही बपेऱ्यात मिळत नाही. शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या पितळी गडव्यात टाकून, काढलेली चिठ्ठी परत घालून, ती उणीव भरून काढण्यात आली. खेळायला चौघे होते. दोघे तुमसरला महाविद्यालयात जाणारे, एक मुलगी बारावीतली, आणि एक मुलगा, ज्याने शिक्षण सोडून राईस मिलमध्ये काम धरले होते. शून्याची चिठ्ठी आली की दहा मानायचे, एवढे एकच गणित त्यांना दोनदा समजावून सांगावे लागले.

अध्यापकाचे मुख्य लक्ष होते ते सूत्रधारासाठी दिलेल्या साधनांवर. त्यांतले पहिले म्हणजे 'बीट चार्ट', प्रसंगांचा ठेका ठरवणारा तक्ता. आरंभी एक गळ, मग घडामोड आणि पेच यांची आलटूनपालटून मांडणी, मग परमोत्कर्ष आणि शेवटी निराकरण. हे पाहताच साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण आठवणार, आणि तसे ते त्यालाही आठवले. समासात त्याने 'पंचसंधी' असे लिहिलेही. दुसऱ्या दिवशी त्याने ते खोडले. संधी हे झालेल्या नाटकाचे पृथक्करण आहे किंवा होणाऱ्या नाटकाचे विधान आहे, पण दोन्ही ठिकाणी नाटककार एकच असतो. इथे पाचजण एकाच वेळी नाटककार असतात आणि त्यांपैकी फक्त एकाच्या हाती तक्ता असतो. चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या पटकथेतून आलेला हा आराखडा सूत्रधाराला धीर देतो, हे खरे. पण तो त्याला घाईही करायला लावतो. पेचाची वेळ झाली की पेच आणायचा, खेळणारे कुठेही रमलेले असोत.

दुसरे साधन 'स्क्रीमशीट'. हे कल्पित शहरातले एक वृत्तपत्राचे पान. खेळणाऱ्यांनी ते वाचायचे, आणि त्या बातमीमागे खरे काय घडले आहे ते फक्त सूत्रधाराला वेगळे सांगितलेले. बातमी आणि तिचे सत्य यांतील फट हीच कथेची जागा, ही कल्पना या पुस्तकातली सर्वांत प्रगल्भ वाङ्मयीन कल्पना होय. वोल्फगांग इझर यांनी वाचनप्रक्रियेच्या विवेचनात संहितेतील ज्या रिक्त जागांना महत्त्व दिले, त्या इथे हेतुपुरस्सर कोरून ठेवलेल्या आहेत. फरक इतकाच की इझर यांचा वाचक रिक्त जागा मनात भरतो, इथला वाचक त्या मोठ्याने, इतरांदेखत भरतो आणि इतरांनी त्याला अडवलेलेही चालते.

पहिली रात्र फसली. पुस्तकात आहे तसे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे 'नाइट सिटी' त्याने मांडले: गगनचुंबी इमारती, टोळ्या, निऑनचे दिवे. चौघे सभ्यपणे ऐकत राहिले. कोणी काही विचारले नाही. विचारण्यासाठी आधी काहीतरी ठाऊक असावे लागते. त्यातच आणखी एक गोष्ट झाली. पात्राचे कूळ ठरवण्याच्या सारणीत जगाचे दहा भाग केलेले आहेत आणि प्रत्येकासमोर तिथल्या भाषांची यादी आहे. दक्षिण आशियाच्या ओळीत हिंदी, बंगाली, तमिळ, उर्दू सापडल्या, मराठी नव्हती. बारावीतल्या मुलीने ती यादी पुन्हा एकदा वरून खाली वाचली आणि हिंदी निवडली. सीमेवरच्या गावात हिंदी परकी नाहीच, तिला अवघड काही गेले नाही. पण देशीवादाच्या चर्चेत ज्या गोष्टीवर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत ती तिथे एका निमिषात होऊन गेली, आणि कोणाच्या लक्षातही आली नाही.

पडवीच्या टोकाला घोंगडी पांघरून अध्यापकाचे काका बसले होते. तरुणपणी ते दंडारीत बायकांची कामे करीत, पुढे खेळ उभा करणारे झाले. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री खेळ असतो; धान घरात आलेले असते, पाहुणे आलेले असतात. वडसा हे जिचे केंद्र, ती झाडीपट्टीची नाटके त्या रात्रींवर जगतात. २०२३मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर या रंगभूमीचे नाव मुंबई-पुण्याकडेही थोडे ऐकू गेले. काकांचे नाव कुठे जाण्याचा प्रश्न नव्हता. त्यांच्यापाशी एक वही मात्र होती, आणि अध्यापकाने ती लहानपणापासून पाहिलेली असून कधी वाचली नव्हती. तिच्यात खेळाच्या गोष्टी असतील, अशी त्याची समजूत होती.

त्या रात्री त्याने ती मागून घेतली. तिच्यात एकही गोष्ट नव्हती. गावांची नावे होती आणि प्रत्येक नावासमोर एकदोन ओळी. अमक्या गावी यंदा पाटलाघरी मूल गेले आहे, पाळण्याची थट्टा नको. तमक्या गावी दोन भावांत वाटणीचा वाद आहे, भाऊबंदकीचे सोंग नको. एका गावासमोर नुसते 'सावकार नको' एवढेच. देणगी देणाऱ्यांची नावे त्यानंतर, वेगळ्या शाईत. खेळ कसा करावा याबद्दल त्या वहीत काहीही नव्हते. तो ते जाणतच होते. वही होती ती कुठे काय करू नये याची.

भूमिका-खेळांच्या विश्वात अशा साधनाची गरज पुष्कळ उशिरा, पण निश्चितपणे ओळखली गेली. गेल्या दशकात जॉन स्टाव्हरोपोलस यांचे 'एक्स-कार्ड' सर्वत्र झाले: मेजावर एक पत्ता ठेवायचा आणि खेळातले काही सहन होईनासे झाले की कोणीही त्याला बोट लावायचे; कारण विचारायचे नाही, प्रसंग वगळून पुढे जायचे. ही व्यवस्था उमदी आहे. तरी तिच्यात बोट लावण्याचा भार ज्याला दुखले त्याच्यावरच पडतो, आणि बोट लावले की सगळ्यांना कळते. काकांच्या वहीत तो भार आधीच सूत्रधाराने उचललेला आहे. दुखऱ्या माणसाला आपण वगळले गेलो हेही कळत नाही. परस्परांना न ओळखणाऱ्या माणसांच्या मेजावर पहिली रीत योग्य, सगळे सगळ्यांचे ओळखतात अशा गावात दुसरी. असे म्हणून हा प्रश्न मिटवता आला असता, आणि अध्यापकाने आपल्या टिपणात तो तसा मिटवलाही होता.

दुसऱ्या रात्री त्याने नाइट सिटी बाजूला ठेवले. नियम तेच, सारण्या त्याच, वर्षही २०४५. जागा मात्र बपेऱ्याची सीमा. मॅंगनीजच्या खाणी आणि वैनगंगेचे पाणी एकाच कंपनीच्या मालकीचे. पूल ओलांडायला तिचा परवाना. पुस्तकात फिक्सर नावाचे एक पात्र आहे, तो दलाल 'नाइट मार्केट' भरवतो, हवा तो माल एका रात्रीपुरता आणतो. त्याची मंडई झाली आणि चौघेही एकदम बोलू लागले. दरमहा १ तारखेला पात्राने घरभाडे आणि जगण्याचा खर्च द्यावा लागतो, आणि सर्वांत खालच्या पायरीवर १०० युरोडॉलरात 'किबल' नावाचा सुका खुराक मिळतो, हे कळल्यावर मुलीने विचारले, "राशनच्या दुकानात का?" हसे पिकले. माणसाच्या अंगी यंत्र बसवले की 'ह्युमॅनिटी'चा आकडा घटतो आणि त्याच्या दशकस्थानी 'एम्पथी' वाचायची, हा नियमही मराठीत आपोआप उतरला. पहिलीला माणुसकी म्हणाले, दुसरीला माया. "याची माया तीनवर आली" असे वाक्य कोणी रचले नव्हते, ते झाले. माणुसकी शून्याखाली गेली की पात्र खेळणाऱ्याचे राहत नाही, सूत्रधाराच्या ताब्यात जाते. उपचार घेऊन ती काही अंशी परतही मिळते, पैसे मोजून. आपल्या नियमांतच आपल्या जगावरचे भाष्य गुंफणारी अशी रचना दुर्मीळ, आणि या पुस्तकाचे खरे वाङ्मयीन मोल इथे आहे. त्यातल्या निऑनच्या वर्णनांत ते शोधणारे नाहक दमतात.

मग जीवनमार्गाच्या सारण्या आल्या. पात्राचा पूर्वेतिहास फाशाने ठरतो: मित्र किती, शत्रू कोण, कुटुंबावर कोणते संकट आले. या शेवटच्या सारणीत दहा संकटे आहेत. विश्वासघाताने सारे गेले, कुटुंब परागंदा झाले, पिढीजात वैर, असे एकेक. राईस मिलमधल्या मुलाने गडव्यात हात घातला. चिठ्ठी आली शून्याची. दहावी ओळ अशी: कुटुंबाच्या कर्जाचा वारसा तुमच्याकडे आला आहे, ते फेडल्याशिवाय तुम्हाला आपले आयुष्य पुढे नेता येणार नाही.

अध्यापकाने ओळ मराठीत करून वाचली आणि वाचता वाचताच त्याला आपण काय वाचतो आहोत ते कळले. त्या मुलाने शिक्षण का सोडले हे पडवीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. इतर दोघांनी माना खाली घातल्या. तो पाने उलटू लागला, पुन्हा चिठ्ठी काढण्याची मुभा कुठे दिली आहे का, ते पाहू लागला. घोंगडीतून आवाज आला, "पुस्तकात नोको पायू बाबू. पोट्ट्याच्या तोंडाकडे पाय."

मुलगा चिठ्ठी हातात धरून होता. "राहू द्या सर," तो म्हणाला, "हेच राहू द्या."

अध्यापकाच्या टिपणातली मिटलेली चर्चा इथे पुन्हा उघडते. काकांच्या वहीने हे पात्र जन्मालाच येऊ दिले नसते. 'सावकार नको' या दोन शब्दांत मोठी दया आहे, पण त्या दयेत असेही गृहीत धरलेले आहे की ज्याच्यावर कर्ज आहे त्याला कर्जाचे सोंग बघायचे नसते. त्याला ते घ्यायचे असेल, हे वहीला सुचत नाही, कारण खेळात प्रेक्षक सोंग घेत नाही. उलट पुस्तकाची दहावी ओळ निव्वळ आंधळी. ती कोणाचे तोंड पाहत नाही. तिच्या लेखी कर्ज म्हणजे कथेला लावायचा एक गळ, विश्वासघात आणि वैर यांच्या रांगेतला. आंधळी असल्यामुळेच तिने ते कोणी दिले असे होऊ दिले नाही. चिठ्ठीने ते त्याच्या हाती ठेवले, आणि ठेवून घेणे किंवा न घेणे त्याच्यावर राहिले. सूत्रधाराच्या साधनांचे मूल्यमापन करताना ती किती नेटकी, किती वापरायला सोपी, एवढेच बहुधा विचारले जाते. ज्याच्यापाशी ती येतात त्याला ती नाकारता आणि पत्करता येतात का, हे विचारणे अधिक अगत्याचे आहे. या कसोटीला बीट चार्ट उतरत नाही, जीवनमार्ग उतरतो. आणि तो उतरतो तेही सूत्रधाराने पुस्तकातून डोळे वर काढल्यास.

त्या ओळीत एक गोष्ट नाही: रक्कम. बाकी ठिकाणी हे पुस्तक आकड्यांचे इतके लोभी, घरभाडे, शस्त्र, डोळा, हात, सगळ्याला किंमत. कर्जाला मात्र नाही. किती लिहू, असे अध्यापकाने विचारले. मुलाने आकडा सांगितला. तो पूर्ण हजारांत नव्हता, शेकड्यांतही नव्हता. शेवटी सत्तावीस होते. अध्यापकाने तो पात्राच्या कागदावर जसाच्या तसा, युरोडॉलरांत, उतरवला. कोणी काही म्हटले नाही.

नंतर मुलानेच विचारले की व्याज किती. पुस्तकात व्याज नव्हते. तुमसरच्या दोघांपैकी एक म्हणाला, व्याज नसले तर ते कर्ज कसले. मुलीने सोसायटीचा दर सांगितला, दुसऱ्याने खासगीचा. कंपनीच्या राज्यात २०४५ साली सोसायटी उरलेली असेल का, यावर दोघांची जुंपली. मुलगा म्हणाला, दर कोणताही धरा, पण सरळ धरायचे की चक्रवाढ ते आधी ठरवा. त्यावर कागद निघाले, दोन्ही रीतींनी दहा वर्षांचा हिशेब झाला, एकाचा चुकला, पुन्हा झाला. तक्त्याप्रमाणे त्या वेळी पुलावर गोळीबार व्हायचा होता. तो झाला नाही. काकाही घोंगडी सोडून उठून दिव्यापाशी आले आणि गहाण टाकलेली बांधी सोडवताना हप्ता आधी मुद्दलात धरतात की व्याजात, हे सांगू लागले. मुलीच्या आईने दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा चक्रवाढीवर एकमत व्हायचे होते.